सायंकाळी सात ते सकाळी सहा

1948 च्या कारखाने अधिनियमात 66 क्रमांकाचं एक कलम होतं. कोणत्याही कारखान्यात स्त्रीला सकाळी 6 ते सायंकाळी 7 या वेळेतच काम देता येईल, असं ते मूळ स्वरूपात सांगत होतं. राज्य सरकारला वाटलं तर ही वेळ थोडी मागेपुढे करता येई, पण रात्री 10 ते पहाटे 5 या तासांसाठी सरकारलाही परवानगी देता येत नसे. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांचं नाव निघतं, बजाजची स्कूटर निघते, एमआयडीसीचे भूखंड निघतात, टेल्कोचा 1989 चा संप निघतो. या कलमाचं नाव मी कुठल्याही स्मरणिकेत वाचलेलं नाही. पण या पट्ट्यातल्या बायका कुठे होत्या आणि कुठे नव्हत्या, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते.

कलम वाईट हेतूने आलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये बायका सूत गुंडाळण्याच्या खात्यात राबत होत्या आणि त्यांच्या कामाच्या तासांना धरबंध नव्हता. 1891 च्या कायद्याने त्यांच्या दिवसावर 11 तासांची मर्यादा घातली. 1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. स्त्रियांना रात्रपाळी नको, असा करार त्याच परिषदेत झाला. ज्यांनी तो घडवला त्यांच्या डोळ्यांपुढे दमलेली गिरणीवाली होती. तीस-चाळीस वर्षांनी पुण्याच्या वायव्येला माळरानावर इंजिनं, स्कूटर आणि ट्रक बनवणारे तीन पाळ्यांचे कारखाने उभे राहतील आणि हेच संरक्षण तिथे गेटवरच्या अडसरासारखं वागेल, हे त्यांना दिसण्याचं कारण नव्हतं.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने देशात सरकारी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकुर्डीत बजाजचं उत्पादन सुरू झालं. 1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी हे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आलं, आणि दशक संपण्याआधी टेल्कोही आली. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. तीस वर्षांच्या आत चार गावांचं शहर झालं.

त्या गावांत बाई काम करत होतीच. ज्वारी-बाजरीची खुरपणी, कापणी, कांदा लावणं आणि काढणं, गुरांचं सगळं, पवना-इंद्रायणीच्या काठची भाजी बाजारात नेणं, यातलं फार थोडं तिच्यावाचून होत असेल. एमआयडीसीसाठी आणि पुढे 1972 च्या नवनगर विकास प्राधिकरणासाठी जमिनी गेल्या, तेव्हा सातबाऱ्यावरची नावं बहुतेक पुरुषांची होती. मोबदला त्यांच्या नावाने आला. कंपनीत नोकरी मिळालीच तर ती घरातल्या मुलाला मिळाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने कायद्याने दिला तो 1994 मध्ये, आणि तोवर या पट्ट्यातली कितीतरी शेतं कारखान्यांच्या कुंपणाआड गेली होती. शेतकरीण म्हणून जिचं काम गेलं, तिच्या हाती त्याबदल्यात काय आलं, हा प्रश्न भूसंपादनाच्या व्यवहारात कुणाला विचारावासा वाटला नाही.

मग सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथून माणसं आली. फर्स्ट शिफ्टच्या बसला नवरा वेळेत पोचायचा तर डबा पहाटेच भरून ठेवावा लागे. सेकंडची पाळी असली की रात्री बारापर्यंत जेवण झाकून ठेवायचं. थर्ड असली की दिवसा पोरांना गप्प ठेवायचं, कारण बाप झोपलेला असे. दर आठवड्याला पाळी बदले आणि घराचं घड्याळही तिच्याबरोबर बदले. कारखान्याच्या तिन्ही पाळ्या स्वयंपाकघरातही चालत होत्या, आणि तिथे 66 वं कलम लागू नव्हतं. कामगार चळवळीच्या इतिहासात हे श्रम मोजले जात नाहीत याचं मला मनापासून दुःख आहे. घरी पाळी सांभाळणारं माणूस नसेल तर यंत्र चोवीस तास चालवता येत नाही.

गेटच्या आत मात्र हिशेब सरळ होता. कामगार घ्यायचा तर तो तिन्ही पाळ्यांत फिरवता आला पाहिजे. बाईला फर्स्ट आणि जनरलशिवाय दुसरी पाळी देता येत नाही, म्हणजे तिच्या वाट्याची रात्र दुसऱ्या कुणावर टाकावी लागणार. शिवाय त्याच कायद्याच्या 48 व्या कलमाने ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर काढणं बंधनकारक केलं होतं. ही संख्या आधी 50 होती, 1976 मध्ये 30 झाली. पाळणाघर कामगारांच्या नव्हे तर स्त्री कामगारांच्या संख्येवर ठरत असल्याने मालकाच्या वहीत मूल हे फक्त आईच्याच खात्यावर पडत होतं. बापाला मूल आहे की नाही याने त्याच्या नोकरीत काही फरक पडत नव्हता.

बायकांना ज्या मोजक्या खात्यांत घेतलं जाई, तिथेही दारावर अटी असत. मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबल लावण्याच्या विभागात मुली काम करत, आणि लग्न झालं की त्यांची नोकरी संपे, असा नियमच होता. कामगार संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. 1965 मध्ये न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही.

याच सुमारास, 1967 मध्ये, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून लीला थडानी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. सिंधमधल्या हैदराबादला जन्मलेली, फाळणीनंतर कुटुंबाबरोबर इकडे आलेली ही मुलगी त्या महाविद्यालयातली पहिली स्त्री यंत्र अभियंता. चिंचवडच्या रस्टन अँड हॉर्न्सबीत त्या शिकाऊ अभियंता म्हणून लागल्या. पुढे लीला पूनावाला या नावाने दापोडीच्या व्हल्कन लावल, म्हणजे नंतरच्या अल्फा लावल कंपनीत, त्या पायरी पायरीने वर गेल्या आणि कंपनीच्या प्रमुख झाल्या. 1989 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिंपरीच्या निर्वासित छावणीत फाळणीनंतर सिंधी बायकांनी नव्याने संसार मांडले होते. त्याच फाळणीतून आलेली एक मुलगी शेजारच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम करू लागली. या शहराच्या घडणीच्या गोष्टीत हे दोन्ही एकत्र सांगितलं जायला हवं.

दुसरं नाव सर्वांना ठाऊक आहे. 1974 मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. तिच्या तळाशी स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी ओळ होती. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पुण्यात मुलाखतीला बोलावणारी तार आली, येण्याजाण्याचं भाडं कंपनीने दिलं, आणि त्या टेल्कोत अभियंता म्हणून रुजू झाल्या. पुढे सुधा मूर्ती या नावाने त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे आणि तो घरोघरी वाचला गेला आहे. त्यातलं धैर्य कुणी नाकारणार नाही. मला मात्र त्या गोष्टीतली मुलाखत जास्त महत्त्वाची वाटते. पिंपरीच्या मंडळींनी त्यांना सांगितलं की शॉपफ्लोअरवर आम्ही आजवर स्त्री घेतलेली नाही. म्हणजे ती ओळ कुणा कारकुनाच्या हातून चुकून छापली गेली नव्हती. त्या वेळच्या सगळ्या पट्ट्याचं मत त्या एका ओळीत आलं होतं, आणि पोस्टकार्डाने ते एका मुलीपुरतं बदललं.

पुढच्या वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू असताना, समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. नोकरभरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, असं त्याच्या पाचव्या कलमात होतं. तशी जाहिरात आता बेकायदा ठरली. पण त्याच कलमात एक अपवाद होता: जिथे कायद्यानेच स्त्रियांच्या कामावर बंदी किंवा निर्बंध असेल, तिथे हे लागू नव्हतं. रात्रपाळीचं कलम तसंच उभं होतं. त्यामुळे तीन पाळ्यांच्या कारखान्याला बाई न घेण्यासाठी जाहिरातीत काही छापण्याची गरजच उरली नाही.

आणि हे कलम फक्त मशीनवरच्या कामगारासाठी नव्हतं. देखरेख करणाऱ्या आणि व्यवस्थापनातल्या माणसांना कामाच्या तासांच्या नियमांतून वगळण्याची सोय 64 व्या कलमात होती. मूळ कायद्यात त्या सोयीतून एकच गोष्ट बाहेर ठेवली होती, ती म्हणजे स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरची बंदी. पुरुष अभियंत्याला अधिकारी म्हणून तासांचं बंधन नव्हतं. स्त्री अभियंता अधिकारी झाली तरी कायद्याला आधी बाई म्हणूनच दिसत होती. रात्री लाइन बंद पडली तर धावून जाणारा, पाळीचा प्रमुख म्हणून अनुभव घेणारा, आणि त्या अनुभवावर प्लँट हेड होणारा माणूस पुरुषच असायचा, त्यामागे हेही एक कारण होतं.

ज्या बायकांजवळ पदवी नव्हती त्यांच्यासाठी टेल्कोच्या परिसरात सत्तरच्या दशकात एक वेगळी वाट निघाली. कामगारांच्या घरच्या स्त्रियांनी ‘गृहिणी’ ही संस्था उभी केली. लोणची-पापड, शिलाई यांपासून सुरुवात होऊन ती वाहनांत लागणाऱ्या विजेच्या तारांची जुळणी करण्यापर्यंत पोचली. ट्रकच्या अंगात जाणारी तारांची जुडगी बायकांच्या हातांनी बांधली जात होती, पण त्या कंपनीच्या कामगार नव्हत्या. ‘गृहिणी’ने अनेक घरं सावरली, याबद्दल मला आदर आहे. मात्र ज्या बोटांना हे काम जमत होतं ती बोटं गेटच्या आत लाइनवर का चालत नव्हती, हा प्रश्न त्या यशानंतरही उरतो.

दुसऱ्या टोकाला, चिंचवडच्या थरमॅक्स कंपनीत 1996 मध्ये रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर अनु आगा अध्यक्षपदी आल्या आणि अडचणीत आलेली कंपनी त्यांनी सावरली. 2004 मध्ये ते पद मेहेर पदमजी यांच्याकडे गेलं. कंपनीच्या शिखरावर स्त्री पोचली, पण पट्ट्यातल्या मशीनवर ती तेव्हाही क्वचितच दिसे.

गेटच्या बाहेरची गोष्ट याहून मोठी आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. कारखाने आले की वसाहती येतात आणि वसाहतींबरोबर कचरा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून कितीतरी कुटुंबं शहराच्या कडेला आणून टाकली होती. कारखान्यात नोकरी नाही आणि गावी शेत नाही. कचराकुंडीवर कुणी अर्ज मागत नव्हतं, आणि पहाटे अंधारात निघायचं की संध्याकाळी, हे विचारणारा कायदाही नव्हता. ज्या राज्याला रात्रीच्या पाळीत बाईची काळजी वाटत होती, त्याच राज्यात ती पहाटे कुत्र्यांच्या आणि पोलिसांच्या धाकात कुंड्या उपसत होती.

1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात पूर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण या वेचक बायकांपर्यंत पोचल्या. अक्षर शिकवता शिकवता लक्षात आलं की या बायकांची पहिली गरज वेगळी आहे: मिश्र कुंडीत हात घालावा लागू नये, सुका माल वेगळा मिळावा, आणि चोर म्हणून कुणी हटकू नये. मे 1993 मध्ये पुण्यात वेचकांची परिषद भरली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव अध्यक्षस्थानी होते. तिथून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटनेचा पाया एका वाक्यात सांगता येईल: आम्ही भीक मागत नाही, कामगार आहोत, आणि आमच्या कामाने शहराचा पैसा वाचतो.

1995-96 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी संघटनेमार्फत वेचकांची नोंद केली आणि त्यांच्या ओळखपत्रांवर शिक्कामोर्तब केलं. देशात असं करणाऱ्या या पहिल्या महापालिका. हा क्षण मला या पट्ट्याच्या इतिहासातल्या मोठ्या क्षणांपैकी एक वाटतो. मोठमोठे कारखाने ज्या शहरात आहेत, त्या शहराने एका कामकरी बाईला कामकरी म्हणून कागदावर मान्य केलं. कार्ड कनवटीला असलं की पोलिसाला उत्तर देता येऊ लागलं, सोसायटीच्या वॉचमनला दाखवता येऊ लागलं. पतपेढी निघाली, भंगारदुकानदाराच्या काट्यावर बोलण्याची हिंमत आली, मुलींची लग्नं लवकर न लावता त्यांना शाळेत ठेवायचं यावर बैठकांमध्ये भांडणं झाली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी 2001 मध्ये झालेल्या पुण्याच्या अभ्यासात या कामाचा हिशेब मांडला गेला. वेचक रोज सुमारे 144 टन माल कचऱ्यातून बाहेर काढत होते. प्रत्येक वेचक बाई महिन्याला 246 रुपयांचं काम महापालिकेला फुकट करून देत होती, हे त्यातून दिसलं. हा आकडा हातात आल्यावर बोलण्याची भाषा बदलली. 2002-03 मध्ये पुणे महापालिकेने वेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली, आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करायला पुण्यात उतरली. चिखलीजवळच्या कुदळवाडीत, भोसरीच्या कडेला भंगाराची गोदामं वाढली आणि त्यांचे मालक शहराला माहीत झाले. कचऱ्यातला माल तिथवर पोचण्याआधी ज्यांनी तो हाताने निवडला, त्यांना माहीत करून घ्यायला शहराला फार उशीर लागला.

पाण्याचंही असंच. पिंपरी-चिंचवड पवनेवर जगतं. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी आणायची योजना झाली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांना वाटलं की नदीत सोडलं जाणारं पाणी आटेल आणि जमिनीही जातील. 9 ऑगस्ट 2011 ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर ते उतरले. बायका मोठ्या संख्येने होत्या. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला: मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे आणि कांताबाई ठाकर. योजनेला स्थगिती मिळाली आणि ती 2023 पर्यंत उठली नाही. औद्योगिक नगरीच्या नळाचा इतिहास लिहिताना धरणाची क्षमता आणि पाइपचा व्यास देतात. कांताबाईंचं नावही त्याच पानावर हवं, कारण पाण्याच्या वाटपात शेतकरी बाईचंही मत असतं, हे त्या दिवशी रस्त्यावर येऊन सांगण्याची किंमत त्यांनी दिली.

आता पुन्हा गेटच्या आत यायचं तर, कलम 66 ला पहिला मोठा तडा दक्षिणेत गेला. 2000 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. वाहतूक, सुरक्षितता, स्वतंत्र विश्रांतीची खोली अशा अटींवर स्त्रियांना रात्री काम करता येईल, असं ठरलं. तोवर पट्टा उत्तरेला सरकला होता. कांदा-बटाट्याच्या आणि बैलांच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण 1999 मध्ये बजाजचा कारखाना आल्यावर बदलायला लागलं. 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, मग महिंद्रा, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य कंपन्या.

चाकणच्या बजाजमध्ये डॉमिनार मोटरसायकल बांधणारी लाइन स्त्रियांची होती. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जोडणाऱ्या लाइनवर सुमारे 1,500 मुली काम करू लागल्या. पन्नास वर्षांपूर्वी याच कंपनीच्या, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये ही ओळ होती. या मुली बहुतेक गावांतल्या, बारावी किंवा आयटीआय झालेल्या. पगारातला एक भाग घरी, एक भाग धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी. टॉर्क रेंच हातात धरून त्या सांगतात की गावात आता लग्नाचा विषय निघाला तरी आधी त्यांचं मत विचारलं जातं. हा बदल खरा आहे आणि तो पाहून आनंद होतो.

पण या लाइनवर उभ्या असलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी ‘शिकता शिकता कमवा’ अशा योजनांतून येतात. दोन-तीन वर्षं पदविकेचा अभ्यास आणि लाइनवरचं काम एकत्र चालतं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येणाऱ्यांसाठी 18 वं कलम स्पष्ट आहे: शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. शिकणं संपल्यावर नोकरीत घ्यायचं की नाही, हे कंपनीच्या धोरणावर. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या खोल्यांत चौघी-चौघी राहणाऱ्या या मुलींना आता तिन्ही पाळ्या करता येतात. पर्मनंट कधी होणार, हे त्यांच्या सुपरवायझरला विचारलं तरी सांगता येत नाही.